संध्याकाळी घरात कोण असायचं?

दारू सोडायला आलेल्या माणसाला भरती झाल्या दिवशीच "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" म्हटलं की एक तर तो "सगळं चांगलं होतं" म्हणून विषय मिटवतो, नाहीतर ढसाढसा रडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. सोलापुरात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करताना बालपणाची ही नोंद आम्ही केव्हा घेतो, कशी घेतो आणि ती कुठे फसते, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवातीचे दिवस शरीराचे. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की 6 ते 24 तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत जास्त. भ्रम होणं, भिंतीवर किडे दिसणं, घरच्यांना न ओळखणं हा प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून "चार दिवस खोलीत कोंडून ठेवतो, आपोआप सुटंल" हा घरगुती उपाय करू नये. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड उतरत्या मात्रेत देतात, यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम. सोबत थायामिन, म्हणजे बी-1. इथे घरच्यांचा एक हट्ट हमखास असतो: अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा. थायामिन जायच्या आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे क्रम डॉक्टरांनाच ठरवू द्यावा.

याच काळात किती पिणं होतं त्याचा हिशोब काढून ठेवतो. "जास्त नाही ओ, दोन क्वार्टर" हे नेहमीचं उत्तर. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूत साधारण 42.8 टक्के मद्यार्क असतो. 30 मिलीमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो, म्हणजे एक प्रमाण पेग. क्वार्टर 180 मिलीची, म्हणजे सहा पेग. दोन क्वार्टर म्हणजे बारा. हे कागदावर मांडून दाखवलं की बहुतेक जण पहिल्यांदाच आकड्याकडे नीट बघतात. जागतिक आरोग्य संघटनेची 10 प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली आहे, एकूण गुण 40. 8 किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं समजतात आणि 20 किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची पक्की तपासणी करावी लागते. भरती होणाऱ्यांमध्ये 20 च्या खालचा माणूस क्वचित.

बालपणाची नोंद आम्ही तिसऱ्या आठवड्यात घेतो. त्याआधी झोप बसलेली नसते, गुंगीच्या गोळ्या चालू असतात, आणि जी उदासी दिसते तिच्यातली बरीचशी दारूचीच देणगी असते. दारू बंद राहिली की तीन-चार आठवड्यांत ती पुष्कळदा ओसरते. त्या उदासीतून सांगितलेलं बालपण खरं असतं त्याहून काळं दिसतं. उलट फार उशीर केला, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी विषय काढला, तर जखम उघडून माणसाला घरी पाठवल्यासारखं होतं. हा दुसरा प्रकार जास्त घातक.

वेळ सकाळची, पूर्ण एक तास. त्यातली शेवटची पंधरा मिनिटं नोंदीसाठी नाहीतच. ती माणसाला परत आजच्या दिवसात आणण्यासाठी. आज दुपारी काय काम आहे, जेवणात काय आहे, रात्री झोप लागली नाही तर कोणाला उठवायचं. नातेवाईक भेटायला येण्याच्या दिवशी ही बैठक ठेवत नाही. बायको किंवा आई खोलीत नको, मग ती कितीही म्हणो की "माझ्यासमोरच विचारा, हा खोटं बोलतो." सुरुवातीलाच सांगतो की इथलं बोलणं घरी कळणार नाही, आणि अपवादही त्याच दमात सांगतो: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर, आणि आज एखादं मूल त्रासात आहे असं कळलं तर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल 2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे आधी न सांगता नंतर सांगणं म्हणजे त्या माणसाशी दगा.

कागद फुलस्केप, आडवा. वरच्या अर्ध्या भागात गोतावळ्याचा नकाशा: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्यावर फुली. ज्याचं पिणं त्रासाचं होतं त्याच्या आकृतीचा खालचा अर्धा भाग पेन्सिलीने भरायचा. भांडणाच्या नात्याला नागमोडी रेघ, घट्ट नात्याला दुहेरी, बोलणंच बंद असलेल्याला तुटक. तीन पिढ्या पुरतात. पेन्सिल रुग्णाच्याच हातात द्यायची. आजोबांचा चौकोन भरताना हात थांबतो, मग काकांचा, मग "हे पण भरायचं का? ते फक्त सणाला घ्यायचे," असं म्हणत चौथा. आपण काहीही बोलायचं नाही.

खालच्या अर्ध्या भागात वयाची पट्टी: 0 ते 5, 5 ते 10, 10 ते 15, 15 ते 20. प्रत्येक खान्यात चारच गोष्टी: घर कुठे होतं, रांधायचं कोण, घरातून कोण गेलं (मृत्यू, काडीमोड, मुंबई-पुण्याला काम, तुरुंग), आणि नवीन कोण आलं. पहिला घोट कितव्या वर्षी, कोणाच्या हातून, हे त्याच पट्टीवर. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष 1997 मध्ये आले, पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त लोक पुढे कधी ना कधी दारूवर अवलंबून झाल्याचं दिसलं. विशी ओलांडल्यावर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडे पहिला घोट बरेचदा घरातच मिळतो. बाटली आणायला धाडलेलं पोर, मग झाकणभर चव.

आता मुख्य प्रश्न. "लहानपण कसं होतं?" हा प्रश्न आम्ही टाकून दिला आहे. त्याऐवजी विचारतो: संध्याकाळी घरात कोण असायचं? शाळेतून आल्यावर दार कोण उघडायचं? वडील आले हे कशावरून कळायचं? या तिसऱ्या प्रश्नावर पिणाऱ्या बापाची मुलं थक्क करणारा तपशील देतात. सायकल स्टँडला लावली तर आज बरं आहे, भिंतीला टेकवली तर नाही. कडी एका झटक्यात निघाली तर बरं. चपला जोडीने निघाल्या की एकेक. ज्याने वीस मिनिटांपूर्वी "आमचे पप्पा प्यायले तरी कुणाला त्रास देत नव्हते ओ" असं सांगितलं, तोच माणूस कडीच्या आवाजाचे तीन प्रकार सांगतो. मग पुढचे दोन: तेव्हा तुम्ही कुठे जायचा? आणि तिथे तुमच्याजवळ कोण यायचं? सगळ्या नोंदीतलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे शेवटचं. घरात भीती असणं ही एक गोष्ट, त्या भीतीत पोराला कोणीच जवळ न घेणं ही दुसरी, आणि पुढच्या पिण्याशी दुसरीचं नातं आम्हाला जास्त जवळचं वाटतं.

दुसरं साधन पाच शब्दांचं. 1980 च्या दशकात मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली, त्यातला हा भाग. आईसोबतच्या नात्याबद्दल पाच शब्द सांगा, मग एकेका शब्दाची एक प्रत्यक्ष आठवण. "मायाळू." मायाळूची एखादी आठवण? "आता आई म्हणजे मायाळूच की." एखादा दिवस, एखादा प्रसंग? बराच वेळ शांतता, आणि मग "तसं काय नाही आठवत." शब्द गोड आणि आठवण रिकामी, अशी जोडी पाचपैकी चारदा आली की समजावं, इथे झाकण घट्ट बसवलेलं आहे. उलट काही जण एका शब्दावर अर्धा तास बोलतात, राग कालचा असल्यासारखा, आणि आईशी चालू असलेलं भांडण आपल्यासमोरच भांडतात. या मुलाखतीला गुण द्यायचं वेगळं प्रशिक्षण असतं. ते नसेल तर गुण देऊ नयेत, लेबल तर नकोच. ऐकायला हे साधन पुरेसं आहे.

यामागचं शास्त्र थोडक्यात. जॉन बोल्बी यांनी मांडलं की तान्ह्या मुलाची आईला किंवा सांभाळणाऱ्याला चिकटण्याची ओढ भुकेइतकीच मूलभूत असते. मेरी एन्सवर्थ यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांना अनोळखी खोलीत, साधारण वीस मिनिटांच्या निरीक्षणात, दोनदा थोडा वेळ आईपासून दूर ठेवून पाहिलं. आई परत आल्यावर मूल काय करतं, हे त्यात बघायचं: काही मुलं बिलगून शांत होतात, काही पाठ फिरवतात, काही बिलगतात पण शांतच होत नाहीत. मूल स्वतःहून शांत व्हायला शिकत नाही. आधी दुसरं कोणीतरी त्याला शांत करतं, हजारदा, तेव्हा ते जमायला लागतं. ज्याला ते मिळालं नाही त्याच्या शरीराची ताणाची घंटा लवकर वाजते आणि उशिरा थांबते. दारू ती घंटा दहा-पंधरा मिनिटांत बंद करते. पंधरा-सोळाव्या वर्षी अशा पोराला हा अनुभव आला की त्याला मजेपेक्षा सुटका जास्त वाटते, आणि सुटकेसाठी पिणारा मजेसाठी पिणाऱ्यापेक्षा लवकर अडकतो.

पण सगळं खापर नात्यांवर फोडणं खोटं ठरेल. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा धरतात. डोनाल्ड गुडविन यांच्या 1973 च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात, तान्हेपणीच दत्तक गेलेल्या, पण जन्मदाते व्यसनी असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनाचं प्रमाण 18 टक्के निघालं, इतर दत्तक मुलग्यांमध्ये 5 टक्के. दुसऱ्या बाजूला फेलिटी आणि अँडा यांचा 1998 चा अभ्यास: बालपणी चार किंवा जास्त प्रकारच्या आघातांतून गेलेल्यांना दारू, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट. आज वापरात असलेल्या यादीत असे 10 प्रकार आहेत आणि ती मोबाइलवर सहज मिळते. तिथेच घोळ होतो. रुग्णाचा भाऊ यादी भरून आणतो आणि म्हणतो, "याचे सहा आलेत, आता हा सुधारणार नाही." हा आकडा लोकसंख्येसाठी आहे, एका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी नाही, स्वतः अँडा यांनीच 2020 मध्ये तसा इशारा दिला आहे.

सोलापूरचं म्हणून जे वेगळं आहे ते पट्टीवर लगेच दिसतं. आज पन्नाशीच्या आगेमागे असलेल्यांच्या 10 ते 20 च्या खान्यांत गिरणी बंद पडलेली असते. तोवर पाळीनुसार घरी येणारा, ठरल्या वेळी जेवणारा बाप दिवसभर घरात बसायला लागला. काहींच्या घरी पिणं तेव्हा सुरू झालं, काहींच्या घरी आधीचं वाढलं. पूर्व भागातल्या घरांत बाप पॉवरलूमवर बारा तास, आणि आई सुपापुढे. विड्यांचा दिवसाचा आकडा पुरा करायचा असतो, त्यामुळे आई घरातच असते पण तिचे हात आणि डोळे पानाला बांधलेले. इथे एक सावधगिरी. नवखा समुपदेशक पटकन लिहून मोकळा होतो: "आईकडून दुर्लक्ष." आमचा याला ठाम विरोध आहे. त्याच सुपाच्या कडेला बसून जेवलेली, आईच्या मांडीला टेकून झोपलेली कितीतरी पोरं धड वाढली. आई कामात असणं हा प्रश्न नसतो. मूल घाबरलं की तिचा हात थांबायचा का, एवढंच विचारावं.

पद्मशाली घरातला माणूस दुकानात-कामावर सफाईदार मराठी बोलतो, पण नायना (वडील) आणि अम्मा यांच्याबद्दलची आठवण तेलुगूत येते. अक्कलकोटकडचा कन्नडमध्ये जातो. जाऊ द्यावं. शक्य तिथे ती भाषा येणारा सहकारी बसवतो. नसेल तर त्याला त्याच भाषेत आधी पूर्ण बोलू देतो आणि मग मराठीत विचारतो. मध्येच "मराठीत सांगा" म्हटलं की आठवणीची धार जाते आणि माहिती तेवढी उरते.

आता फसतं कुठे. सर्वांत मोठी चूक सुचवण्याची. "वडील मारायचे, नाही का?" असं विचारलं की माणूस हो म्हणतो, कारण इतक्या दिवसांत तो आपल्याला खूश ठेवायला शिकलेला असतो. आठवणी मऊ असतात, बोटाचा ठसा उमटतो. लैंगिक अत्याचाराबाबत तर सुचवू नये आणि खोदूही नये. पुरुषांच्या बाबतीतही तो घडलेला असतो, आणि माणूस बोलता बोलता थांबतो, विषय बदलतो. "हे आज सांगायची गरज नाही, कधी वाटलं तर मी ऐकेन," इतकंच म्हणायचं. अशा बैठकीनंतर त्या रात्री वॉर्डातल्या सिस्टरना सांगून ठेवतो आणि आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारतो. विचारल्याने विचार येत नाहीत. घरी असताना असं काही झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

दुसरी अडचण: नोंद झाली की काहींना हुकमी पत्ता सापडतो. "माझ्या बापामुळे मी पितो." इथे वाद घालत बसत नाही. नकाशावर त्याच्याच भावंडांचे चौकोन-गोल दाखवतो. तोच बाप, तीच खोली, आणि बहीण पीत नाही. का? मग तो स्वतःच सांगायला लागतो की तिला आत्या सुट्टीला घेऊन जायची, किंवा शेजारच्या काकूंकडे ती अभ्यासाला बसायची. हवाई बेटांपैकी कावाईवर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. बिकट परिस्थितीतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं चांगली वाढली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं, मग ते आजी असो, शेजारी असो की शिक्षक. रुग्णाला तसं कोणी होतं का, हे पट्टीवर हिरव्या पेनाने लिहितो. वारलेलं असलं तरी लिहितो.

नोंदीचा उपयोग धोक्याच्या वेळा ओळखायला. पट्टीच्या शेजारी गेल्या सहा महिन्यांत जास्त प्यायलेले प्रसंग मांडायचे: दिवस, वेळ, आधीच्या एका तासात काय झालं. बहुतेकांना वाटतं ते भांडणामुळे पितात. मांडल्यावर दिसतं की पुष्कळदा भांडण झालेलंच नसतं. बायको माहेरी गेलेली असते, किंवा मालक हिशोब करताना नुसता गप्प बसलेला असतो. ज्याच्या घरी बापाच्या गप्प बसण्यानंतर मार पडायचा त्याला मालकाची चुप्पी झेपत नाही. हे त्याला कळलं की उपाय ठोस करता येतो: हिशोबाच्या दिवशी जोडीदार सोबत न्यायचा, पैसे घरच्या खात्यावर घ्यायचे, तिथून थेट दारू सोडलेल्यांच्या सभेला किंवा सपोर्ट ग्रुपला. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी ओढ कमी करणारी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. सिव्हिलच्या ओपीडीतही त्यासाठी जाता येतं. औषध की समुपदेशन, असा वाद निरर्थक आहे.

डायसल्फिराम मात्र वेगळं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. "नकळत दारू सोडवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच असण्याची शक्यता असते, आणि घरचे ते भाजीत कालवतात. जिवाला धोका तर आहेच. शिवाय ज्याने लहानपणापासून घरातल्या माणसावर विश्वास टाकायचा नाही हेच शिकलंय, त्याला त्याच घरच्या ताटात फसवलेलं असतं. कळल्यावर तो जेवणच बाहेर करायला लागतो, आणि बाहेर काय मिळतं हे सांगायला नको.

शेवटची बैठक बायको आणि मुलांबद्दल असते. स्टीव्हन वॉलिन, लिंडा बेनेट आणि सहकाऱ्यांच्या 1979 च्या अभ्यासात, पिणारा पालक असूनही ज्या घरांनी एकत्र जेवण, सणवार, पाहुणचार दारूपासून वाचवले, त्या घरांतल्या मुलांत हे व्यसन पुढे जाण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणून घरच्यांना सांगतो की रात्रीचं जेवण ठरल्या वेळी वाढा, तो आला नाही तरी. मुलांना दारात वाट बघत बसवू नका, बाटली आणायला किंवा बापाला उचलून आणायला पाठवू नका. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जायचं ठरलं असेल तर तो प्यायलेला आहे म्हणून बेत मोडू नका. मामासोबत, शेजाऱ्यांसोबत मुलांना न्या. आणि मुलांना तीन गोष्टी मोठ्याने सांगा: हे तुझ्यामुळे नाही, तुला हे थांबवता येणार नाही, आणि घाबरलास तर अमुक घरी जा. ते अमुक घर बैठकीतच नाव, गल्ली आणि फोन नंबरासकट ठरवतो, त्या घरच्यांची परवानगी घेऊन. मूल वाचायला लागलेलं असेल तर नंबर त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात, चाइल्डलाइनच्या 1098 सोबत. पुढच्या फेरतपासणीला मुलाकडून तो नंबर पाठ म्हणून घेतो; चुकला तर पुन्हा लिहून देतो.